घाई उठली

११ जानेवारी

आज सकाळी दूध घेतलं. पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह गळत होता तो बदलला. दुपारी जेवून आडवा झालो, झोप लागली नाही. चारच्या सुमाराला त्याच्या लॅबच्या डॉक्टरबाईंचा फोन आला, म्हणून हे पत्र.

वर काय लिहावं ते कळेना. सवयीने 'चि. सौ.' लिहायला घेतलं आणि 'सौ.'पाशी पेन थांबलं. नुसतं 'चि.' लिहिलं तर मुद्दाम गाळल्यासारखं दिसतं. म्हणून कोरंच ठेवलं आहे. तू घाई आणि मी बाबा, एवढं दोघांना माहीत आहे, ते पुरे.

तू आली नाहीस याबद्दल मला काही म्हणायचं नाही. एवढं लांबचं अंतर, रजा, तिकिटं, सगळं समजतं. शिवाय तुम्ही दोघं वेगळे राहायला लागूनही बराच काळ झाला. त्याला पोचवायला लॅबमधले सगळे होते, माझ्या ऑफिसातले दोन जुने सोबती होते. माणसं कमी पडली नाहीत.

त्याची खोली आवरून झाली. दुसऱ्याच दिवशी आवरायला घेतली. कपडे देऊन टाकले, गादी दिली, टेबल खालच्या शिंप्याने नेलं. करायचं ते करून टाकलेलं बरं.

आता काम सांगतो. बाई म्हणाल्या, "काका, तुमच्या मुलाची एक बरणी आमच्याकडे आहे. एक फेब्रुवारीला उघडायची असं झाकणावर लिहिलंय. आत तीन प्लेटा. एकीवर 'बाबा', एकीवर 'घाई', एकीवर 'मी'. कुठलीत काय आहे ते इथे एकालाही माहीत नाही."

मी म्हटलं, त्याच्या वह्या असतील ना?

"वह्यांतही तेच! 'आज बाबा वाळवले. आज घाई वाळवली. मी वाळलो.' निकाल बघणाऱ्याला आधी कळू नये म्हणून नावं ठेवायची, हे ठीक आहे. पण त्याचा अर्थ कुठे तरी लिहून ठेवशील की नाही? असा शहाणपणा करतं का कुणी?" मग लगेच म्हणाल्या, "माफ करा हं काका. सवयीने रागावले त्याच्यावर."

मी म्हटलं, रागवा. घरी तर रागवायला आता कुणी नाही.

त्या म्हणतात, ही नावं तुम्ही दोघांनी मिळून ठेवलेली, अगदी पहिल्या प्रयोगापासूनची. तेव्हा तुला नक्की माहीत असणार. त्यांनी तुला ईमेल केले, तू उत्तर दिलं नाहीस. मी फोन करत नाही, कारण फोन केला की तू उचलशील आणि मग आपण दोघं गप्प बसू. मागच्या वेळी तेच झालं. पत्राला गप्प बसता येत नाही, काही तरी लिहावंच लागतं.

तेवढं कळव. लॅबमधली बरणीची खोली दुसऱ्या लोकांना द्यायची आहे, त्यामुळे तारीख पुढे जाणार नाही.

बाबा


२३ जानेवारी

तुझं पत्र नाही. पोचायला वेळ लागतो, हे धरून चाललो आहे.

काल लॅबमध्ये जाऊन आलो. दोन बस बदलाव्या लागतात, तरी तासभर आधी पोचलो आणि पायऱ्यांवर बसून राहिलो. तुम्ही दोघं असतात तर हसला असतात.

त्याची जागा खिडकीपाशी होती, तुला माहीतच आहे. खुर्ची अजून तशीच बाहेर ओढलेली आहे, जसा काही चहाला गेला आहे. पाठीवर त्याचा राखाडी स्वेटर होता. तिथले मामा, भांडी धुणारे, त्यांनी तो घडी करून पिशवीत घालून दिला. "धुतला नाही," म्हणाले, "म्हटलं तुम्हाला विचारावं." मी पिशवी आणली आणि दारामागच्या खुंटीला लावली. खोली आवरताना हा सापडला असता तर इतरांबरोबर गेला असता. आता एकट्या स्वेटरचं काय करायचं, सुचत नाही.

मामांचा स्वभाव तुला आठवत असेल. बरणी दाखवताना म्हणाले, "काका, यांना बघा. पाणी मागत नाहीत, रजा मागत नाहीत, बढती मागत नाहीत. अशी माणसं मिळाली असती तर बाई सुखी झाल्या असत्या."

आतून बाईंचा आवाज आला, "आणि मामा, ते तोंडही मिटून बसतात."

बरणीच्या तळाशी निळे खडे आहेत. दमट झाले तर गुलाबी होतात, म्हणजे आतलं कोरडेपण गेलं. अजून चांगले निळे आहेत. त्यावर जाळी आणि जाळीवर तीन काचेच्या बश्या. ते लोक प्लेट म्हणतात, मला बशीच म्हणवतं. आत दगडफुलातली नुसती बुरशी, तपकिरी खरवड धरल्यासारखी. एवढ्यासाठी त्याने दिवस घातले.

बाईंनी मला पहिल्यापासून समजावलं. घरात भिंतीपलीकडे तुम्ही दोघं हेच बोलत असायचात, मी इकडे बातम्या लावून बसायचो. तर मला कळलं ते असं. दगडफूल म्हणजे एक जीव नाही, दोन आहेत. बुरशी घर बांधते आणि शेवाळ त्या घरात अन्न तयार करतं. पाणी संपलं की दोघं मिळून वाळून कडकडीत होतात. श्वास थांबतो. मेलेलं म्हणता येत नाही आणि जिवंत म्हणायला पुरावा नाही. मग महिन्यांनी पाणी पडलं की थोड्याच वेळात पुन्हा श्वास सुरू. याला तुम्ही लॅबमध्ये 'उठणं' म्हणता. हे मला माहीत होतं. सकाळी चहाच्या वेळी मी त्याला विचारायचो, "काय रे, काल कोण कोण उठलं?" आणि तो सांगायचा.

पुढचं मात्र मला नवीन होतं. वाळणं मोठं नसतं म्हणे, उठणं मोठं असतं. पाणी आत शिरलं की सगळी मोडतोड एकदम होते, भिंती फाटतात. ती दुरुस्त करणारे पदार्थ तेव्हा बनवत बसायला वेळ नसतो. म्हणून बुरशीच्या जनुकांनी दुरुस्तीच्या चिठ्ठ्या आधीच लिहून ठेवलेल्या असतात. पाणी आलं की चिठ्ठ्या उघडायच्या आणि कामाला लागायचं. चिठ्ठ्या लिहिणारं एक मुख्य जनुक त्याने शोधलं होतं. तुम्ही त्याला राखण्या म्हणायचात, हेही बाईंनी सांगितलं.

आणि तुमचं भांडण ते एवढंच होतं. तो म्हणायचा, राखण्या कायम जागा असतो, चिठ्ठ्या नेहमीच लिहून तयार असतात, म्हणून एकाएकी वाळवली तरी बुरशी उठते. तू म्हणायचीस, राखण्या वाळता वाळता जागा होतो. सावकाश वाळवली तर त्याला लिहायला वेळ मिळतो. एकाएकी वाळवली तर चिठ्ठ्या कोऱ्याच राहतात आणि बुरशी कायमची जाते.

मला वाटायचं, बुरशीवरून भांडणारी माणसं वेगळी होत नसतात.

बरणीत तोच निकाल आहे. एक बशी झटपट वाळवलेली, एक सावकाश वाळवलेली. 'मी' म्हणजे ज्यात राखण्याच बंद केला आहे ती, हे बाईंनी त्याच्याकडून कधी तरी ऐकलं होतं, ते त्यांना आता आठवलं. ती उठायची नाही, यात तुम्हा दोघांचंही एकमत होतं. झटपट वाळवलेली उठली तर तो बरोबर. नाही उठली तर तू.

बाईंनी विचारलं, "काका, तुम्हाला काही अंदाज? घाई कुठली असेल?"

मी म्हटलं, "अंदाज कसला? झटपट वाळवलेली. घरात सगळे तिला घाई म्हणतात. कुठे जायचं असलं की मी आपला आधी खाली गेटपाशी जाऊन उभा राहायचो आणि वरून त्याची हाक ऐकू यायची, 'घाई, झालं का? घाई!' मीसुद्धा तिला म्हणायचो, अगं घाई, सावकाश."

"आणि बाबा?"

"विजेचे मीटर तपासायच्या टेबलावर माझा जन्म गेला. गडबडीत सील मारलं असं एकदाही झालं नाही. सावकाश तो मीच."

बाईंनी तसं लिहून घेतलं. तरी तुझा शब्द आला तर बरं, म्हणाल्या. तेव्हा दोन ओळी लिही. मोठं पत्र मागत नाही.

बाबा


३ फेब्रुवारी

घाई उठली.

तुला हे बाईंकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून लगेच लिहितो आहे.

परवा सकाळी बरणी उघडली. मी खुर्चीवर बसलो होतो, त्याच्या नाही, शेजारच्या. आधी नुसती दमट हवा सोडली, नंतर पाणी. श्वास मोजणाऱ्या यंत्राला बश्या एकेक करून लावल्या. मला मीटर कळतो, त्यामुळे आकड्यावर नजर ठेवायला मला सांगितलं होतं, म्हणजे सांगावं म्हणून सांगितलं असेल. पहिल्यांदा तिन्ही आकडे उसळले. मी उठून उभा राहिलो. बाई म्हणाल्या, "बसा काका. हा पहिला श्वास खोटा असतो. मेलेलंही पाणी प्यायलं की एकदा उसासतं."

मग 'मी' खाली आला. दुपारपर्यंत 'बाबा' खाली आले. 'घाई' टिकली. काल सकाळी भिंगाखाली तिला नवे तंतू फुटलेले दिसले. बाईंनी मलाही दाखवलं. बारीक, पांढरे, काचेतल्या तड्यासारखे.

मामा वाकून बघत म्हणाले, "चला. घाईसाहेब ड्यूटीवर हजर."

म्हणजे तो बरोबर होता. झटपट वाळवलेली उठली. राखण्या कायम जागा असतो.

घरी आलो आणि तुला सांगायला हवं असं पहिल्यांदा मनात आलं. एवढं तो म्हणत होता, तू ऐकलं नाहीस. शेवटच्या भांडणात तू म्हणाली होतीस, 'तुला सगळं आपोआप तयार असतं असंच वाटतं, माणसांचंही.' भिंत पातळ आहे, मला ऐकू आलं होतं. त्यानंतर तू गेलीस. आता बघ.

एक अडचण आहे. सावकाश वाळवलेली तर तुम्हा दोघांच्याही मते उठायला हवी होती. ती का गेली, हे बाईंना समजत नाही. सारख्या म्हणत होत्या, "हे बसत नाही. हे कुठे तरी बसत नाही." शेवटी त्यांनी असं धरलं आहे की सावकाश वाळताना ती अर्धवट ओलीत फार काळ राहिली आणि तिने साठवलेलं सगळं खाऊन टाकलं. मी म्हटलं, शक्य आहे. म्हाताऱ्याचं तसंच होतं.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, छापायला देण्याआधी तुझ्याकडून नावांची खात्री हवी. तेव्हा अजूनही कळव. नाही कळवलंस तरी आता फारसं अडत नाही.

बाबा


२१ फेब्रुवारी

तू उत्तर देणार नाहीस असं दिसतं. मी लिहितो आहे ते मला संध्याकाळी दुसरं काही करायला नाही म्हणून.

मागच्या पत्रात 'आता बघ' असं लिहिलं. ते नको होतं. पत्र पेटीत टाकल्यावर वाटलं. पण खोटं नव्हतं लिहिलं.

त्या सकाळचं तुला कुणी सांगितलं नसेल. मी चहा केला, दोन कप ओतले. हाक मारली. तो लॅबमधून उशिरा आला होता म्हणून परत हाक मारली नाही, म्हटलं झोपू दे. पेपर वाचला. चहा निवला तेव्हा आत गेलो. कुशीवर होता, हात उशीखाली. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं, त्याला कळलंही नसेल. सगळ्यांना हेच सांगतात बहुतेक.

शेजारच्या वहिनी आल्या, दारातून विचारत, "काय झालं?" आणि माझ्या तोंडून निघालं, "तो उठत नाहीये."

त्या शब्दाचं काय करायचं? लॅबमध्ये दिवसभर तोच चालतो. ही उठली, ती उठली नाही, उद्या उठवू. बाई बोलताना अडखळतात, मी म्हणतो, बोला, तुमच्या कामाचा शब्द आहे. पण सकाळी चहा एकच कप ओततो आणि 'काल कोण कोण उठलं' हे विचारायला तोंड उघडतं. उघडून मिटतं.

मला एवढंच हवं आहे की तो बरोबर होता, हे छापलेलं बघावं. बाकी काही राहिलेलं नाही. सून नाही, नातवंड नाही, त्याची खोली रिकामी. त्याची एक गोष्ट खरी निघाली, तेवढी राहील. बाईंनी मसुदा दाखवला, त्याचं नाव पहिलं आहे. मी चष्मा पुसून दोनदा वाचलं. नावापुढे छोटी फुली आहे आणि खाली तो हयात नसल्याचं लिहिलं आहे. छपाईत तसं करतात म्हणे.

बाई अजून म्हणतात, "काका, बाबा का उठले नाहीत ते कळल्याशिवाय मला झोप यायची नाही."

मी म्हटलं, मला तर तशीही येत नाही.

बाबा


१५ मार्च

तुझं पत्र आलं.

पाकिटावरचं अक्षर ओळखलं, जिन्यातच उघडलं आणि जिन्यातच बसलो. वरच्या मजल्यावरच्या बाई पिशव्या घेऊन उतरत होत्या, त्यांना वाट द्यायलाही मला उठता आलं नाही. त्या माझ्या बाजूने कशाबशा गेल्या.

तू एवढंसं लिहिलं आहेस. मी ते परत लिहून काढतो, म्हणजे मला नीट समजलं का ते तुलाही कळेल.

'बाबा, उलटं आहे. घाई म्हणजे सावकाश वाळवलेली. मला घराबाहेर पडायला तास लागायचा. केस, किल्ल्या, गॅस बंद आहे का, परत किल्ल्या. तो दारात उभा राहून ओरडायचा, घाई, झालं का? टोमणा होता तो. तुम्ही खाली गेटपाशी असायचात, म्हणून तुम्हाला कधी दिसलं नाही. तुम्ही 'अगं घाई, सावकाश' म्हणालात की आम्हाला हसू आवरायचं नाही. तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं.

'बाबा म्हणजे झटपट वाळवलेली. तुम्ही स्टेशनवर तासभर आधी जाता त्यावरून नाही. आई गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही त्यांचं कपाट रिकामं केलंत. संध्याकाळी घरात त्यांचा कंगवासुद्धा नव्हता. तो मला म्हणाला, बाबा एका दिवसात वाळले. त्याच आठवड्यात आम्ही पहिल्या प्लेटा केल्या. नाव त्याने ठेवलं. तो चेष्टेत म्हणाला नव्हता, म्हणून मी कधी खोडलं नाही.

'मी एका भांडणात गेले असं तुम्ही लिहिता. मी दोन वर्षं जात होते, बाबा. थोडी थोडी. तुम्हाला दिसलं नाही, त्यालाही दिसलं नाही. म्हणून मी अजून उभी आहे. बढाई मारत नाही.

'बाईंना मी काही कळवणार नाही. तो बरोबर होता असं राहू द्यायचं असेल तर राहू द्या. मला जिंकायचं नाही आता. तुम्ही ठरवा. मी तिकडे येणार नाही, माझी वाट बघू नका. जेवत जा.'

समजलं. सगळं समजलं.

तुम्ही हसायचात हे मला आठवतं. मी 'सावकाश' म्हणालो की तुम्ही एकमेकांकडे बघायचात आणि मला वाटायचं, नवं नवं लग्न आहे, हसतात. मलाही बरं वाटायचं. माझं काही तरी विनोदी झालं असेल असं समजून मी तेच परत म्हणायचो.

कपाटाचं मी कधी असं बघितलं नव्हतं. मला वाटत होतं मी नीटनेटका माणूस आहे. तुझ्या सासूबाईंच्या वस्तू समोर असत्या तर मला घरात राहता आलं नसतं, हे कुणाला सांगायचं सुचलं नाही. तू त्या दिवशी कंगवा शोधत होतीस का? आता तसं वाटतं. तू स्वयंपाकघरातून दोनदा बाहेर आलीस आणि काही न बोलता परत आत गेलीस.

आणि त्याची खोलीही दुसऱ्याच दिवशी आवरली, हे मी तुला पहिल्याच पत्रात कळवलं आहे. स्वतःहून. कौतुकाने.

म्हणजे 'बाबा' उठले नाहीत ते साठवलेलं खाऊन संपलं म्हणून नाही. चिठ्ठ्याच लिहिल्या गेल्या नव्हत्या.

बाबा


१८ मार्च

काल बाईंकडे जाऊन सांगितलं.

तू 'तुम्ही ठरवा' म्हणालीस आणि मी दोन दिवस ठरवत बसलो, असं नाही. पत्र वाचून झालं तेव्हाच कळलं होतं की सांगावं लागणार. दोन दिवस नुसता बसलो होतो. कुणी विचारणार नव्हतं. तू बोलणार नव्हतीस, तो बोलणार नव्हता. मी गप्प राहिलो असतो तर तो कायम बरोबर राहिला असता. पण उलटा फिरणारा मीटर टेबलावर आला की तो कुणाच्या घरचा आहे हे आम्ही बघायचो नाही. एवढंच कारण आहे. फार मोठं नाही.

बाईंनी ऐकलं. आधी त्यांचा चेहरा एकदम उजळला. "बसलं! काका, आता सगळं बसलं!" असं म्हणत त्यांनी टेबलावर हातसुद्धा आपटला. मग माझ्याकडे बघितलं आणि चेहरा पडला. त्या खाली बसल्या.

मी म्हटलं, "बाई, आनंद झाला तर होऊ द्या. तुमची झोप उडाली होती."

"काका, तो इतका खात्रीने म्हणायचा..."

"हो. खात्रीने म्हणायचा."

मामांनी चहा आणून ठेवला. काल त्यांनी काही विनोद केला नाही. जाताना फक्त माझ्या खांद्याला हात लावून गेले.

मसुदा आता नव्याने लिहितील. प्रयोग त्याचा, म्हणून त्याचं नाव पहिलं राहील, आणि म्हणणं तुझं होतं, म्हणून बाईंना तुझं नाव दुसरं घालायचं आहे. मी तुला विचारून सांगतो म्हटलं. त्याच्या नावावर त्याच्याविरुद्धची गोष्ट छापली जाईल आणि शेजारी तू असशील. त्याला हे चाललं असतं का, मला सांगता येत नाही. तुला येईल. नको असेल तर बाईंना परस्पर कळव, मला कळवायची गरज नाही.

माझ्याजवळ त्याची एक गोष्ट खरी राहील असं मी मागे लिहिलं होतं. ती आता नाही. तुझ्यावर रोख नाही. नाही, एवढंच लिहायचं होतं.

तू येणार नाहीस हेही मी वाचलं आहे. वाट बघत नाही. पोस्टमन येतो तेव्हा गॅलरीत असतो, पण ती माझी उभं राहायची जागाच आहे.

'घाई' त्यांनी शेवाळाबरोबर नव्या बशीत लावली आहे. वाढते आहे. इतर दोन धुवायला टाकल्या. मामांनी विचारलं, बश्यांवरच्या नावांच्या चिठ्ठ्या काढून देऊ का? मी नको म्हटलं.

आज सकाळी दारामागची पिशवी काढली आणि स्वेटर धुतला. कोपरापाशी त्याच्या लॅबच्या कसल्यातरी औषधाचा डाग होता, तो गेला नाही. पिळून गच्चीवर नेला, दोरीवर टाकला. ऊन चांगलं होतं, तासाभरात वाळला असता. खाली आलो, भाजी चिरायला घेतली, आणि परत वर गेलो. तुझ्या सासूबाई लोकरीचं कधी उन्हात टाकायच्या नाहीत, हे आठवलं.

काढून आणला. त्याच्या खोलीत आता काहीच नाही, त्यामुळे जागा भरपूर. फरशीवर जुने पेपर पसरले, त्यावर स्वेटर ठेवला, बाह्या सरळ केल्या, गळा नीट केला. खिडकी अर्धी ओढून घेतली. एवढ्या सावलीत परवापर्यंत वाळायचा नाही. आता पेपर भिजले आहेत, ते बदलतो आणि त्याला एकदा उलटा करतो.